वासुदेव गायतोंडे : एकेक गोष्ट सोडत गेलेला चित्रकार

आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासात वासुदेव संतू गायतोंडे यांचे स्थान आज निर्विवाद मानले जाते. मात्र त्यांचे नाव सर्वसामान्य मराठी वाचकापर्यंत पोहोचले ते चित्रांमुळे नव्हे, तर लिलावातील आकड्यांमुळे. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीज या संस्थेने मुंबईत भरवलेल्या लिलावात त्यांचे १९७९ चे एक चित्र सुमारे २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले. दोन वर्षांनी त्याच संस्थेच्या मुंबईतील लिलावात १९९५ च्या चित्राला २९ कोटी ३० लाख रुपये मिळाले. २०२१ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात १९६१ च्या चित्राची बोली जवळपास ४० कोटींवर गेली. हे आकडे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकले, तेव्हा चित्रकाराला जाऊन एक तप उलटून गेले होते. ज्या माणसाने आयुष्याचा मोठा काळ दिल्लीतील भाड्याच्या लहानशा जागेत काढला, वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे रंगवली आणि प्रसिद्धीच्या मागे कधी धाव घेतली नाही, त्याच्या कामाची ओळख केवळ किमतीवरून व्हावी, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल. त्यांच्या चित्रांना खरा अर्थ येतो तो त्यांच्या कलाप्रवासातून. हा प्रवास एकेक गोष्ट सोडत जाण्याचा आहे.

नागपूर, गोवा आणि गिरगाव

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. घराणे मूळचे गोव्याचे. बालपणीचा काही काळ गोव्यात गेला आणि पुढे कुटुंब मुंबईत गिरगावातील चाळीत स्थायिक झाले. निम्न मध्यमवर्गीय घरात चित्रकलेला व्यवसाय म्हणून मान्यता मिळणे त्या काळी सोपे नव्हते. मुलाने शिकून नोकरी धरावी, अशीच सर्वसाधारण अपेक्षा असे. गायतोंडे यांनी मात्र सर ज. जी. कलाशाळेची वाट धरली आणि १९४८ मध्ये तेथील पदविका मिळवली.

त्या वेळच्या महाराष्ट्रात चित्रकार म्हणजे हुबेहूब चित्र काढणारा, हे समीकरण पक्के होते. या परंपरेने थोर चित्रकार दिले, हेही तितकेच खरे. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे १९११ मध्ये जन्मलेले गोपाळ देऊसकर हे त्यांपैकी एक. जे. जे.मध्ये शिकून पुढे लंडनला गेलेल्या देऊसकरांनी व्यक्तिचित्रणात असामान्य प्रभुत्व मिळवले. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात त्यांनी रंगवलेली बालगंधर्वांची पुरुषवेषातील आणि स्त्रीवेषातील चित्रे नाट्यरसिकांच्या पिढ्यांनी पाहिली आहेत. तेथे प्रेक्षकाला वेगळे काही सांगावे लागत नाही. चित्रातील व्यक्ती ओळखीची असते आणि त्या ओळखीतूनच आनंदाला सुरुवात होते. देऊसकरांनंतर दीड दशकाने त्याच कलाशाळेतून बाहेर पडलेल्या गायतोंडे यांनी नेमका हा ओळखीचा आधारच काढून घेतला. ‘हे चित्र कशाचे आहे?’ या प्रश्नाला त्यांच्या चित्रांत उत्तर मिळत नाही आणि मराठी प्रेक्षक त्यांच्यापासून दूर राहिला याचे एक कारण यातच आहे.

लघुचित्रांपासून क्लेपर्यंत

गायतोंडे थेट अमूर्ततेकडे वळले, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. जे. जे.मध्ये जगन्नाथ अहिवासी यांच्याकडे भारतीय चित्रपद्धतीचे शिक्षण घेताना त्यांनी जैन पोथ्यांतील चित्रे आणि पहाडी लघुचित्रे बारकाईने अभ्यासली. त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांत माणसे आहेत, स्त्रिया आहेत, पक्षी आहेत. आकृत्या सपाट रंगांत भरलेल्या आणि ठसठशीत रेषेने बांधलेल्या आहेत. लघुचित्रकार छायाप्रकाशाने खोली दाखवत नाही. तो एका रंगाशेजारी दुसरा रंग ठेवून जागा निर्माण करतो. हा धडा गायतोंडे यांना पुढे आयुष्यभर पुरला.

१९४७ मध्ये मुंबईत ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन झाला. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी आरा, सदानंद बाकरे आणि हरी अंबादास गाडे हे त्याचे संस्थापक. ब्रिटिश अकादमिक शैली आणि बंगालची पुनरुज्जीवनवादी शैली या दोहोंपासून दूर जाऊन स्वतंत्र भारताची नवी चित्रभाषा घडवावी, असा त्यांचा प्रयत्न होता. पुढे सूझा लंडनला, रझा पॅरिसला आणि बाकरेही लंडनला गेले. १९५० च्या सुमारास गायतोंडे या गटात आले. गटाची चळवळी वृत्ती आणि जाहीरनाम्यांची भाषा मात्र त्यांच्या स्वभावात नव्हती. ते त्या मंडळींत वावरले, पण वाट आपली आपणच शोधत राहिले.

या काळात त्यांच्यावर सर्वाधिक प्रभाव पडला तो स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या पॉल क्ले या चित्रकाराचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपातून मुंबईत आलेल्या कलासमीक्षकांच्या आणि संग्राहकांच्या सहवासामुळे येथील तरुण चित्रकारांना आधुनिक युरोपीय चित्रकलेची पुस्तके आणि चर्चा उपलब्ध झाली होती. क्लेची रेषा वस्तूचे वर्णन करत नाही, ती स्वतःच खेळत खेळत पुढे जाते. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धातील गायतोंडे यांच्या चित्रांत माणसाची आकृती हळूहळू खुणेत रूपांतरित होताना दिसते. चेहऱ्याचा त्रिकोण होतो, अंगाचा चौकोन होतो आणि अखेरीस त्रिकोण-चौकोनच उरतात. १९५७ मध्ये टोकियो येथे भरलेल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास आकृती त्यांच्या चित्रांतून जवळजवळ नाहीशी झाली.

समुद्रासमोरचा स्टुडिओ

वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्था हे १९५० आणि १९६० च्या दशकांतील मुंबईचे एक विलक्षण सांस्कृतिक केंद्र होते. रविशंकर यांचे संगीतवर्ग, इब्राहिम अल्काझी यांची नाट्यशाळा आणि चित्रकारांचे स्टुडिओ एकाच आवारात नांदत होते. समोर अरबी समुद्र होता. गायतोंडे यांचा स्टुडिओही येथेच होता. पुढे स्वतंत्र प्रतिभेची चित्रकार म्हणून ख्यातनाम झालेल्या नसरीन मोहमदी याही येथे काम करत आणि गायतोंडे यांना त्या मार्गदर्शक मानत.

या काळातील त्यांच्या अनेक चित्रांत कॅनव्हासवर आडवे पट्टे दिसतात. कोठे तरी क्षितिजासारखी रेघ येते. तिच्या वर-खाली रंग दाट आणि विरळ होत जातो. अनेक समीक्षकांना त्यात समुद्र दिसला. स्वतः गायतोंडे यांनी मात्र आपल्या चित्रांवर कोणताही विषय लादू दिला नाही. त्यांना ‘अमूर्त’ हा शब्दही पसंत नव्हता. अमूर्तीकरण म्हणजे एखाद्या मूर्त वस्तूपासून सुरुवात करून तिचे रूप कमी कमी करत नेणे. आपल्या चित्राची सुरुवातच वस्तूपासून होत नाही, म्हणून ते ‘वस्तुनिरपेक्ष’ आहे, अशी त्यांची भूमिका होती. हा केवळ शब्दांचा वाद नाही. वस्तू गाळून टाकली की चित्रात जे उरते, म्हणजे रंग, पोत, प्रकाश आणि अवकाश, त्यांच्यावरच चित्राचा सगळा भार येतो. चूक झाली तर ती लपवायला विषयाचा आडोसा राहत नाही.

झेन विचार, रमण महर्षी आणि जे. कृष्णमूर्ती यांचे चिंतन यांचा गायतोंडे यांच्यावर खोल ठसा होता. हिंदुस्थानी आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत ते तासन् तास ऐकत. तथापि, त्यांच्या चित्रांना सरसकट ‘आध्यात्मिक’ म्हणून मोकळे होण्यात एक धोका आहे. त्यामुळे त्यांच्या कारागिरीकडे दुर्लक्ष होते.

चित्र घडण्याची रीत

गायतोंडे यांनी १९६० च्या दशकात ब्रश जवळजवळ बाजूला ठेवला. त्याऐवजी रंगाचा रोलर आणि पॅलेट नाइफ ही त्यांची मुख्य साधने झाली. तैलरंगाचा पातळ थर रोलरने कॅनव्हासवर पसरायचा, तो ओला असतानाच सुरीने कोठे तरी खरवडायचा, मग थांबायचे. थर वाळला की त्यावर दुसरा. खालचा रंग वरच्या रंगातून झिरपल्यासारखा दिसावा, इतपतच वरचा थर पातळ ठेवायचा. वर्तमानपत्रांचे किंवा मासिकांचे कागद फाडून, त्यांवर रंग लावून ते कॅनव्हासवर दाबायचे आणि उचलून घ्यायचे, ही त्यांची आणखी एक पद्धत. कागद उचलल्यावर जो ठसा मागे राहतो तो हाताने काढलेल्या आकारासारखा दिसत नाही. दगडावर उमटलेल्या शेवाळासारखा किंवा जुन्या भिंतीवरील ओलीसारखा तो आपोआप तेथे आल्यासारखा वाटतो. वाचता न येणाऱ्या लिपीतील अक्षरांचीही आठवण काहींना त्यावरून होते.

यात योगायोगाला जागा होती, पण सगळे योगायोगावर सोपवलेले नव्हते. ठसा कोठे घ्यायचा, कोणता ठेवायचा आणि कोणता पुढच्या थराखाली बुजवायचा, याचा निर्णय चित्रकाराचाच असे. त्यासाठी ते कोऱ्या किंवा अर्धवट कॅनव्हाससमोर दीर्घकाळ नुसते बसून राहत. हात चालवण्यापेक्षा पाहण्यात जास्त वेळ जाई. वर्षाला पाच-सहाच चित्रे होण्याचे हे कारण होय. चित्रांना त्यांनी नावे देणेही थांबवले. त्यांच्या बहुतेक कामांची नोंद आज ‘शीर्षकविरहित’ अशीच होते. विषय गेला, आकृती गेली, मग रेषा गेली, ब्रशचा फटकारा गेला आणि शेवटी नावही गेले.

न्यूयॉर्क आणि परत

१९६३ मध्ये मॉरिस ग्रेव्हज हे अमेरिकन चित्रकार भारतात आले असता त्यांनी गायतोंडे यांची चित्रे पाहिली. ते इतके प्रभावित झाले की न्यूयॉर्कमधील आपल्या परिचयाच्या गॅलरीचालकांना त्यांनी पत्राने ही गोष्ट कळवली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहातही गायतोंडे यांचे १९६२ चे एक चित्र आहे. १९६४ मध्ये जॉन डी. रॉकफेलर तृतीय निधीची शिष्यवृत्ती मिळाल्यावर ते न्यूयॉर्कला गेले. तेथे कलावंतांचा राबता असलेल्या चेल्सी हॉटेलमध्ये त्यांचा मुक्काम होता.

मार्क रॉथको आणि त्यांच्या पिढीतील अमेरिकन चित्रकारांनी रंगांचे मोठमोठे पट्टे रंगवून प्रेक्षकाला वेढून टाकणारी चित्रे निर्माण केली होती. गायतोंडे यांची तुलना पुढे वारंवार रॉथकोशी करण्यात आली. साम्य आहे, पण गायतोंडे त्यांचे अनुकरण करत होते असे म्हणता येत नाही. वस्तुनिरपेक्ष चित्रापर्यंत ते अमेरिकेला जाण्यापूर्वीच पोहोचले होते. शिवाय रॉथकोच्या रंगात एक शोकगंभीर नाट्य आहे, तर गायतोंडे यांच्या रंगात निवांतपणा आहे. अमेरिकेतील वास्तव्याने त्यांना नवी दिशा दिली असे नव्हे. आपली दिशा बरोबर आहे, याची खात्री मात्र तेथे पटली असावी. तेथून परतल्यावर, १९६८ च्या आसपास, त्यांचे कॅनव्हास आडव्याऐवजी उभे झाले. क्षितिजाची आठवण करून देणारी रेघही त्यामुळे मागे पडली.

दिल्लीतील एकांत

१९७१ मध्ये गायतोंडे यांना पद्मश्री मिळाली. १९७२ मध्ये ते मुंबई सोडून दिल्लीला गेले आणि निझामुद्दीन भागातील गच्चीवरच्या लहान जागेत राहू लागले. राम कुमार, क्रिशन खन्ना यांच्यासारखे मोजके चित्रकार मित्र, पुस्तके, संगीत आणि चित्रे एवढाच त्यांचा संसार होता. लग्न त्यांनी केले नाही. कुटुंबीयांशी असलेला संबंधही कालांतराने विरळ झाला. १९७० चे दशक हा त्यांच्या चित्रनिर्मितीचा सर्वांत परिपक्व काळ मानला जातो. एकाच रंगाच्या असंख्य छटांतून आतून उजळल्यासारखी दिसणारी उभी चित्रे याच काळातील आहेत.

१९८४ मध्ये दिल्लीत रिक्षाच्या अपघातात त्यांना गंभीर दुखापत झाली. मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहून रोलर फिरवणे अशक्य झाले. चित्रकाराच्या दृष्टीने हा मोठाच आघात होता. मात्र या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान लहान रेखाटने केली. एखादी जाड रेघ, दोन-तीन ठिपके, बाकी कोरा कागद. एरवी दहा थरांनंतर जे साधायचे ते एका हालचालीत साधण्याचा हा प्रयत्न होता. सुमारे तीन दशकांपूर्वी सोडलेली रेषा येथे पुन्हा भेटते, पण आता ती कशालाही बांधत नाही. पुढे प्रकृती काहीशी सुधारल्यावर ते पुन्हा तैलरंगांकडे वळले आणि १९९० च्या दशकात त्यांनी काही अत्यंत तेजस्वी चित्रे रंगवली. मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान त्यांना याच सुमारास मिळाला होता. सुनील काळदाते यांनी त्यांच्यावर लघुपट तयार केला. अखेरच्या काही वर्षांत मात्र त्यांनी चित्रे काढणे थांबवले. १० ऑगस्ट २००१ रोजी दिल्लीनजीक गुडगाव येथे त्यांचे निधन झाले.

मरणोत्तर ओळख

मराठीत गायतोंडे यांची दखल सातत्याने घेतली ती ‘चिन्ह’ने. सतीश नाईक यांनी संपादित केलेला ‘गायतोंडे’ हा ग्रंथ २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यामुळे त्यांच्या जीवनाविषयीची विखुरलेली माहिती मराठी वाचकांना एकत्र मिळाली. त्यापूर्वी ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५ या काळात न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले होते. कला-अभ्यासक संधिनी पोद्दार यांनी त्याची मांडणी केली. पुढे हे प्रदर्शन इटलीतील व्हेनिस येथील पेगी गुगेनहाइम संग्रहालयातही गेले.

गायतोंडे यांची चित्रे इटलीत पोहोचली, ही बाब एका अर्थाने उचितच होती. त्या देशातील बोलोन्या शहरात जॉर्जो मोरांडी (१८९०–१९६४) या चित्रकाराने एका घरात बहिणींच्या सोबतीने राहून आयुष्यभर बाटल्या, बरण्या आणि वाडगी रंगवली. मोरांडीने वस्तू सोडली नाही, गायतोंडे यांनी ती सोडली. तरीही दोघांच्या चित्रांसमोर उभे राहिल्यावर एकच शांतता जाणवते. चळवळी आणि जाहीरनाम्यांनी गजबजलेल्या विसाव्या शतकात दोघांनीही थोड्याच गोष्टींकडे फार वेळ पाहण्याचे व्रत घेतले. आधुनिकता म्हणजे सतत काही तरी नवे करून दाखवणे नव्हे, हे दोघांच्याही कामातून उमगते.

प्रश्न आहे तो आपल्याकडचा. गायतोंडे यांची एकूण चित्रसंख्या मुळातच कमी आहे. किमती वाढल्या तशी त्यांतील कित्येक चित्रे खासगी संग्रहांत बंद झाली. बँकेच्या तिजोरीप्रमाणे जपलेले चित्र सुरक्षित राहते, पण ते कोणी पाहत नाही. छापील प्रतिकृतीत त्यांचे चित्र बहुधा रंगवलेल्या भिंतीसारखे दिसते, कारण थरांतून येणारा प्रकाश छपाईत उतरत नाही. त्यामुळे पुस्तकात पाहून ‘यात काय आहे?’ असे म्हणणाऱ्या वाचकाला दोष देता येणार नाही. हे काम प्रत्यक्षच पाहावे लागते.

सुदैवाने त्यासाठी परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे, होमी भाभा यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहात आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ठेवलेल्या जहांगीर निकल्सन संग्रहात त्यांची चित्रे आहेत. ती सदैव मांडलेली असतातच असे नाही, म्हणून आधी चौकशी करून जावे. चित्रासमोर गेल्यावर ते कशाचे आहे, हा विचार काही वेळ बाजूला ठेवावा आणि किमान पाच मिनिटे एका जागी उभे राहावे. आधी एकच वाटणारा रंग हळूहळू अनेक रंगांत उलगडू लागतो. खालचे थर वर येतात आणि कडेला असलेला एखादा ठसा उशिराने नजरेस पडतो. ज्या चित्रासाठी चित्रकाराने महिनोन् महिने दिले, त्याला प्रेक्षकाने निदान तेवढा वेळ द्यायला हवा. तो दिला, तर कोटींचे आकडे आपसूकच विसरायला होतात.